रुग्णालयाचं बिल शून्य आलं. मग पैसे भरले कोणी?

सांजवारा

मंडळी, प्रश्न अडाणी वाटला तर हसून घ्या, पण उत्तर द्या.

मध्यंतरी आईच्या खुब्याचं हाड मोडलं. सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, अकरा दिवस ती तिथे होती. घरी सोडताना खिडकीवरच्या माणसाने एक कागद हातात दिला. तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, खाट, औषधं अशा ओळी, आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. एकूण, शून्य. मी गणिताचा मास्तर. शून्यांची बेरीज शून्य येते हे मला मान्य आहे, पण खुब्यात बसवलेला तो धातूचा सांधा कुणीतरी विकत घेतला असणारच ना?

धाकटा भाऊ म्हणतो, "ते माझ्या करातून गेलंय, दादा." आणि म्हणतो असं की जणू सांधा स्वतः निवडून आणलाय. त्याचा एक मित्र परदेशात असतो. तो म्हणतो कर नाही, पगारातून विम्याचा हप्ता कापतात तेच खरं, त्यातूनच अशा व्यवस्था चालतात. मला दोन्हींत फरकच कळला नाही. कापतात ते माझ्याच पगारातून, मग त्याला कर म्हणा नाहीतर हप्ता. कुठल्याही देशाचं उदाहरण चालेल. ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्था पैशांच्या बाबतीत नक्की चालते कशी, एवढंच समजून घ्यायचंय.

रोखठोक

सोपं आहे. फुकट म्हणजे शेजाऱ्याच्या खिशातून. शेजारी आजारी पडला की तुमच्या.

हिशेबनीस

रोखठोक म्हणतात ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. शेजाऱ्याचा पैसा तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मी २७ वर्षं एका सार्वजनिक रुग्णालयाच्या लेखा विभागात होते. डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. बिलं पास करणारी बाई. त्यामुळे खालून वर जे दिसलं ते सांगते, आणि निवृत्तीनंतर हौसेने वाचलं त्याची जोड देते.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पैसा गोळा कसा होतो, तो एकत्र कुठे साठतो, आणि तिथून खर्चाला बाहेर कसा पडतो. नळ, हौद आणि पाट म्हणा. भांडणं होतात ती सगळी नळावरून. हौद किती आहेत हे मात्र कोणी मोजत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

आधी नळ. एक मार्ग सरकारच्या सर्वसाधारण करांचा. ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा, हे त्याचं ठळक उदाहरण. १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल आला आणि ५ जुलै १९४८ ला ॲन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना सेवा सुरू झाली. गंमत अशी की तिथल्या पगारातून 'नॅशनल इन्शुरन्स' नावाची कपात होते, आणि पुष्कळ लोकांची खात्री असते की दवाखाना त्यावर चालतो. प्रत्यक्षात मोठा वाटा साध्या करांचा असतो, नॅशनल इन्शुरन्समधून त्यापेक्षा बराच कमी येतो. ऑस्ट्रेलियातही तसंच. तिथल्या सार्वजनिक आरोग्य योजनेचं नाव मेडिकेअर. 'मेडिकेअर लेव्ही' म्हणून उत्पन्नाच्या २ टक्के वेगळी ओळ दिसते, पण तेवढ्यात मेडिकेअरचा खर्च भागत नाही. बाकीचं सर्वसाधारण तिजोरीतून. म्हणजे कागदावर कपातीचं जे नाव छापलेलं असतं, त्यावरून पैसा कुठे जातो ते कळत नाही. हे मी स्वतः कागद छापणाऱ्यांच्या बाजूला बसून पाहिलेलं आहे.

दुसरा मार्ग सक्तीच्या सामाजिक विम्याचा. जर्मनीत चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. तेव्हा वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगार भरायचा आणि एक तृतीयांश मालक. बिस्मार्कला गरिबांचा फार कळवळा होता म्हणून हे झालं असं नाही, कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत हा हिशेब होता. पण व्यवस्था टिकली.

आता तुमचा प्रश्न, फरक काय. कर भरला म्हणून त्या बदल्यात तुम्हाला ठरावीक काही मिळेल असं कर सांगत नाही. तो एका मोठ्या तिजोरीत जातो आणि तिथून रस्ते, शाळा, सैन्य, दवाखाने सगळे हात पुढे करतात. दरवर्षी अर्थसंकल्पात आरोग्य खात्याला भांडावं लागतं. वर्गणी मात्र आरोग्यासाठीच राखलेली असते आणि ती भरली की हक्क मिळतो. राजकारण्यांना तिला हात लावणं अवघड जातं. तिचा दोष असा की ती पगारावर बसते. ज्याला पगारपत्रकच नाही, त्याच्याकडून काय कापणार? शेतमजूर, फेरीवाला, घरकाम करणारी बाई, यांची वर्गणी वसूल करायला जेवढा खर्च येतो तेवढी कधीकधी वर्गणीच येत नाही.

घानाने यावर काढलेली युक्ती मला आवडते. २००३ मध्ये त्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला. नाव विमा, पण मुख्य पैसा येतो वस्तू-सेवांवरच्या अडीच टक्के खास करातून. नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीतलाही काही भाग त्यात वळवला जातो. म्हणजे पाटी विम्याची, आणि नळ बहुतांशी कराचा. फ्रान्स उलट्या बाजूने त्याच ठिकाणी आला. तिथे आरोग्याची वर्गणी मुख्यतः पगारावर होती. १९९१ मध्ये सीएसजी नावाचा कर आणला, जो पगाराबरोबर भाडं, व्याज, पेन्शन यांवरही लागतो, आणि १९९८ मध्ये नोकरदारांची बहुतेक आरोग्य वर्गणी त्याच्याकडे वळवली. तेव्हा तुमचा भाऊ आणि त्याचा मित्र, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांचं भांडण फुकटचं.

हौदाचं जेवण झाल्यावर लिहिते.

राईनकाठचा

मी जर्मनीत राहतो म्हणून थोडी भर घालतो. पगारपत्रक समोरच आहे.

मूळ दर उत्पन्नाच्या १४.६ टक्के. त्यातला निम्मा, म्हणजे ७.३ टक्के माझ्याकडून, निम्मा कंपनीकडून. शिवाय तुमची विमा संस्था (इथे क्रांकेनकासे म्हणतात) स्वतःचा एक जादा दर लावते, तोही निम्मा-निम्मा. हा जादा दर अलीकडे चढतोच आहे. ठरावीक पगाराच्या वर गेलात की पुढच्या रकमेवर वर्गणी नाही, त्यामुळे माझा साहेब आणि त्याचा साहेब जवळपास सारखीच रक्कम भरतात. हे मला तरी खटकतं.

पण एक गोष्ट पाहा. बायको सध्या नोकरी करत नाही, दोन मुलं आहेत. चौघांच्या मिळून वर्गणीत एका सेंटचाही फरक नाही. मधे माझी नोकरी गेली होती सात महिने, तेव्हा बेरोजगार भत्ता देणाऱ्या कार्यालयाने वर्गणी भरली. भावाला सांगा, इथे मी 'माझ्या पैशाने' उपचार घेतो असं म्हणायची सोय नाही.

सांजवारा

हिशेबनीस साहेब, डोळे उघडले. हौदाची वाट बघतोय.

हिशेबनीस

साहेब नव्हे हो, बाई. वर लिहिलंय.

हां, हौद. तुम्ही गणिताचे आहात म्हणून तुमच्याच भाषेत. एका माणसाला यंदा काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. लाख माणसांत साधारण किती खुबे मोडतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. गट मोठा तेवढा अंदाज पक्का आणि माणशी बोजा ठरावीक. शंभर जणांच्या गटात एकाला कायमचं डायलिसिस लागलं की गट बुडाला. दहा लाखांच्या गटात ती वहीतली एक ओळ असते.

पण गट ऐच्छिक ठेवला की धडधाकट लोक म्हणतात, आम्ही कशाला भरू? ते बाहेर पडतात. मागे आजारी उरतात, हप्ता वाढतो, मग थोडे कमी आजारीही बाहेर पडतात. म्हणून कर असो वा वर्गणी, सक्ती दोन्हींत आहे.

आता हौद किती? समजा एक सरकारी नोकरांचा, एक कंपन्यांतल्या कामगारांचा आणि एक उरलेल्यांचा. तिसऱ्यात गरीब आणि म्हातारे, म्हणजे खर्च जास्त आणि आवक कमी. थायलंडमध्ये आजही असे तीन हौद आहेत. २००२ मध्ये त्यांनी तिसरा मोठा हौद करांच्या पैशाने भरला आणि जवळपास सगळी जनता संरक्षणाखाली आणली, ही फार मोठी गोष्ट. तरी सरकारी नोकरांच्या योजनेत माणशी खर्च त्याहून बराच जास्त राहिला. दक्षिण कोरियात साडेतीनशेहून अधिक विमा संस्था होत्या. श्रीमंत कंपन्यांच्या संस्थांकडे शिल्लक, खेड्यातल्या संस्था तोट्यात. २००० मध्ये सगळ्या मिळून एकच विमा संस्था केली. शिल्लकवाले अर्थातच खूश नव्हते. तैवानने १९९५ मध्ये वेगवेगळ्या योजना एकत्र आणून एकच राष्ट्रीय विमा सुरू केला.

राईनकाठच्यांच्या देशात संस्था अजून बऱ्याच आहेत, पण २००९ पासून सगळ्यांची वर्गणी आधी एका मध्यवर्ती आरोग्य निधीत जाते. तिथून प्रत्येक संस्थेला तिच्या सभासदांचं वय आणि आजार बघून पैसे मिळतात. ज्या संस्थेकडे म्हातारी माणसं जास्त, तिला जास्त. हौद अनेक, पण खालून पाइप जोडलेले. शिवाय त्या निधीत सरकार करांतूनही दरवर्षी भर घालतं, म्हणजे बिस्मार्कच्या घरात बेव्हरिजचा पाहुणा आहेच.

म्हणून कोणी मला विचारलं की कर चांगला की विमा, तर मी विचारते, हौद किती, आणि ते जोडलेत का?

रोखठोक

ताई, एवढं सगळं करण्यापेक्षा प्रत्येकाकडून खिडकीवर थोडेथोडे घ्या ना. लोकांना किंमत कळेल. फुकट आहे म्हणून सर्दीलाही येऊन बसतात.

सांजवारा

हा प्रश्न माझ्याही मनात होता. निदान थोडी तरी फी?

हिशेबनीस

खिडकीवरचा गल्ला मी स्वतः मोजलाय, त्यामुळे यावर माझं मत जरा कडक आहे.

आमच्याकडे काही वर्षं नोंदणीची छोटी फी होती. महिनाअखेर ती जमा करायची, पावतीपुस्तकं जुळवायची, चलन भरायचं, लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आले की उत्तरं लिहायची. माफी कोणाला याचे दाखले तपासायला एक वेगळा माणूस बसवलेला. एकदा मी हौसेने हिशेब मांडला. जमा झालेल्या रकमेतून त्या खिडकीवरच्या माणसांचे पगारही पूर्ण निघत नव्हते. वरिष्ठांना कागद दाखवला तर म्हणाले, बाई, हा आकडा कोणी मागितलाय का?

मोठ्या व्यवस्थांचंही बघा. बेव्हनने सेवा सुरू केली तेव्हा चष्मे आणि कवळ्यांना एवढी गर्दी उसळली की अंदाजपत्रक कोलमडलं. १९५१ मध्ये सरकारने त्यांवर शुल्क लावायचं ठरवलं तेव्हा बेव्हनने राजीनामा दिला. पुढच्या वर्षी औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क आलं, १९६५ मध्ये उठलं, १९६८ मध्ये परत आलं. आज ते इंग्लंडमध्ये आहे, वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नाही. म्हणजे एकाच राजाच्या राज्यात सत्तर वर्षांत एकमत झालेलं नाही.

राईनकाठचा

मधेच घुसतो. इथे २००४ पासून डॉक्टरकडे गेलं की तिमाहीला १० युरो भरावे लागायचे. रिसेप्शनवरच्या मुली वैतागलेल्या असायच्या. २०१२ च्या अखेरीस संपलं ते. रद्द करताना खासदारांमध्ये विरोध करायला कोणी उरलंच नव्हतं.

हिशेबनीस

बघा!

थायलंडची योजना तर '३० बाथ योजना' म्हणूनच प्रसिद्ध झाली, एका खेपेला ३० बाथ (बाथ हे तिथलं चलन). ती फी काही वर्षांनी काढली, मग परत आणली. योजनेचा पैसा तिच्यावर कधीच अवलंबून नव्हता. युगांडाने २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढली तेव्हा दवाखान्यांत गर्दी वाढली, आणि ती मुख्यतः गरिबांची होती. याचा अर्थ इतके दिवस ते सर्दी घेऊन घरी बसले होते असं नाही. आजार घेऊन बसले होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने मोठा प्रयोग केला होता, काही कुटुंबांना पूर्ण मोफत उपचार आणि काहींना खर्चात वाटा. वाटा द्यावा लागणाऱ्यांनी दवाखान्यात जाणं कमी केलं. पण अनावश्यक फेऱ्या जेवढ्या कमी झाल्या, तेवढ्याच गरजेच्याही. दुखणं साधं की गंभीर हे रुग्णाला आधी कळलं असतं तर डॉक्टरची गरजच काय होती?

जपानचं उदाहरण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे १९६१ पासून सगळ्यांना विमा आहे आणि तरी बहुतेक प्रौढांना बिलाचा ३० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. ते चालतं, कारण उत्पन्नानुसार महिन्याची एक कमाल मर्यादा आहे. त्यापुढचं व्यवस्था भरते. फीला छप्पर असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. बिनछपराची फी म्हणजे जो जास्त आजारी त्याच्यावर जास्त कर, दुसरं काही नाही.

आडवाट

वाचनमात्र होतो, आता राहवलं नाही. नळ-हौद सगळं ठीक आहे. पण पैसा असूनही दवाखान्यात सलाईन नसतं त्याचं काय? आणि दारू-तंबाखूवर कर वाढवून का भरत नाहीत हा हौद?

हिशेबनीस

तंबाखूचं आधी, ते लवकर संपेल. भरतात. फिलिपिन्सने २०१२ मध्ये तंबाखू आणि दारूवरचा कर वाढवून त्यातला मोठा भाग आरोग्याला बांधून दिला. तैवानमध्येही तंबाखूवरच्या अधिभारातून राष्ट्रीय विम्याला पैसा जातो. अडचण एकच, कराचा हेतू सफल झाला की नळ बारीक होतो. म्हणून जोडधंदा म्हणून उत्तम, मुख्य धंदा म्हणून नाही.

आता सलाईन. हा पाटाचा प्रश्न, आणि माझं सगळं आयुष्य या पाटावर गेलं.

आमच्यासारख्या ठिकाणी पैसा लेखाशीर्षांनुसार यायचा. वेतन एक शीर्ष, औषधं दुसरं, यंत्रदुरुस्ती तिसरं, प्रवासभत्ता चौथं. यंदाची तरतूद म्हणजे गेल्या वर्षीचा खर्च अधिक थोडीशी वाढ. रुग्ण दुप्पट आले तरी तेवढीच, निम्मे आले तरी तेवढीच. वेतन सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खातं. ते बरोबरच आहे, दवाखाना माणसांनी चालतो. पण काटकसर करायची वेळ आली की कात्री औषधं आणि दुरुस्तीवर पडते, कारण ती बिचारी मोर्चा काढत नाहीत.

एकदा कोणीतरी देणगी म्हणून रक्ततपासणीचं मोठं यंत्र दिलं. फीत कापली, फोटो झाले, दात्याच्या नावाची पितळी पाटी लागली. त्या यंत्रात घालायची रसायनं मात्र आमच्या साहित्याच्या शीर्षातून घ्यायची होती आणि त्या शीर्षात त्याची तरतूदच नव्हती. आठ महिन्यांत रसायनं संपली. त्याच वेळी प्रवासभत्त्यात पैसे पडून होते. ते इकडे वळवायला पुनर्विनियोजनाची फाइल वर पाठवली. मंजुरी आली, पण आर्थिक वर्ष संपल्यावर एकोणीस दिवसांनी. तोवर प्रवासभत्त्यातली अखर्चित रक्कम परत गेलेली. यंत्रावर हिरवं कापड घातलं होतं. पाटी रोज पुसली जायची.

आणखी एक. पैसा मंजूर होणं आणि पैसा हातात येणं यात महिने जातात. पुरवठादाराला हे माहीत असतं, म्हणून तो उशिराचं व्याज आधीच दरात चढवून ठेवतो. मग सरकार महाग घेतं म्हणून बोंब होते. महाग औषध नसतं हो, महाग आमची उधारी असते.

पाट दुसऱ्या तऱ्हेनेही खणता येतो. थायलंडने दवाखान्याला माणशी वार्षिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, माणूस येवो न येवो. दवाखान्याला त्यामुळे लोक निरोगी राहण्यात रस निर्माण होतो. पण उपचारात हात आखडण्याचा मोहही होतो. अमेरिकेच्या मेडिकेअरने (नाव ऑस्ट्रेलियासारखंच, पण ही मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना) १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला घेतली, खुब्याच्या शस्त्रक्रियेला इतकी, मग रुग्ण पाच दिवस राहो की पंधरा. तिथे रुग्णाला लवकर घरी धाडायची घाई होते. आणि प्रत्येक तपासणीचे वेगळे पैसे दिले की तपासण्या वाढतात, हे तर सांगायलाच नको. निर्दोष पाट मी पाहिलेला नाही. बहुतेक देश तिन्हींची भेसळ करतात आणि दर काही वर्षांनी प्रमाण बदलतात.

आडवाट

हिरवं कापड डोळ्यासमोर आलं. आमच्या शाळेतल्या संगणकांवरही होतं.

सांजवारा

ताई, शेवटचं विचारतो. आईच्या त्या कागदावर शून्याच्या जागी खरा आकडा लिहायचा असता तर तो किती असता? भावाला दाखवायचाय.

हिशेबनीस

लेखाशीर्षांवर चालणाऱ्या रुग्णालयात असेल तर प्रामाणिक उत्तर असं की तो आकडा कोणाकडेच नाही. आजार-गटानुसार पैसे मिळणाऱ्या व्यवस्थेत आईच्या खुब्याला एक सांकेतिक क्रमांक असता आणि त्यापुढे रक्कम. आमच्यासारख्या ठिकाणी भूलतज्ज्ञाचा पगार वेतनात, सांधा साहित्यात, चादर धुलाईत, वीज भलत्याच खात्यात. तुमच्या आईच्या नावाने काहीच खर्ची पडलेलं नसतं. मी दोनदा प्रतिरुग्ण खर्च काढायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा शस्त्रक्रियागृहाच्या विजेपाशी अडले, कारण मीटर एकच, आणि तो कॅन्टीनलाही जोडलेला.

आई चालायला लागल्या का?

सांजवारा

वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत. कालपासून माझ्या चहाला नावं ठेवतायत.